मागची काच

हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा, असे आपण म्हणतो आणि पुढे जातो. जिवंत हत्ती लाखाचा, मेलेला सव्वा लाखाचा. म्हणजे मरता मरता त्याची किंमत पंचवीस हजारांनी वाढली. हे वरचे पंचवीस हजार आले कुठून, याचा खुलासा म्हण करत नाही. खानदानी माणूस बुडाला तरी त्याचा रुबाब उरतो, एवढाच अर्थ शाळेत सांगतात, आणि तो मला पुरत नाही. एक उत्तर असे, की मेलेला हत्ती खात नाही. माहुताचा पगार आणि चाऱ्याचा खर्च वाचला, तेच ते पंचवीस हजार. दुसरे उत्तर हस्तिदंताचे. सुळे जिवंतपणी हत्तीच्या तोंडात असतात, बाजारात येतात ते तो मेल्यावर. जुनी जर्मन इस्टेट गाडी बाळगावी का, हा प्रश्न डोक्यात घोळायला लागल्यापासून मला दुसरे उत्तर अधिक पटते. जुनी गाडी चालती राहते ती बनवणाऱ्याच्या पुण्याईवर, असे तिचे चाहते सांगतात. माझे म्हणणे असे, की ती चालती राहते तिच्या मेलेल्या भावंडांवर. ज्या जातीच्या पुरेशा गाड्या भंगारात पडल्या, त्याच जातीची उरलेली गाडी रस्त्यावर टिकते. ज्या जातीचे मढेच मिळत नाही, ती कितीही दणकट असो, एका काचेसाठी अडून बसते.

याचा पुरावा पुण्यात सापडतो. मर्सिडीजने कारखान्यातच बांधलेली आपली पहिली इस्टेट 1977 साली दाखवली. डब्ल्यू 123 या मालिकेतली ती गाडी जर्मनीत ब्रेमेनला बनत असे. छत सरळ शेवटपर्यंत नेलेले, डिकीच्या जागी वर उघडणारे उभे दार, आणि मागे कितीही ओझे भरले तरी गाडीचे बूड बसू नये म्हणून तेलाच्या दाबावर चालणारे सस्पेन्शन. तिच्या 240 टीडी या प्रकारात ओएम 616 नावाचे 2.4 लिटरचे डिझेल इंजिन होते. आता याच इंजिनाचे महाराष्ट्रातले चरित्र पाहा. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने ते मर्सिडीजच्या परवान्याने इथेच बनवले आणि आपल्या ट्रॅक्समध्ये, ट्रॅव्हलरमध्ये बसवले. कंपनीचे नाव 2005 साली फोर्स मोटर्स झाले, पण ट्रॅक्स ती ट्रॅक्सच राहिली. वसई-पालघर पट्ट्यात, नाशिक-नगरच्या आडरस्त्यांवर दहाच्या जागी पंधरा माणसे कोंबून ती धावली. वडापचा ड्रायव्हर ज्या इंजिनाला मनसोक्त शिव्या देतो, ते जर्मनीत सुखवस्तू कुटुंबांच्या इस्टेटमध्ये बसत होते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते आणि सांगून काही फरकही पडणार नाही. फरक पडतो तो दुसऱ्याच माणसाला. ज्याच्याकडे 240 टीडी आहे, त्याच्या इंजिनाच्या बऱ्याच कामाला जर्मनीपर्यंत जावे लागत नाही. हे इंजिन आयुष्यभर उघडत-बंद करत आलेला मिस्त्री तालुक्याच्या गावी मिळतो.

म्हणजे गाडीचे पुढचे अर्धे अंग अमर झाले. मागच्या अर्ध्याचे काय? इथेच इस्टेट सलूनपेक्षा वेगळी पडते. पुढचे दिवे, बॉनेट, स्टिअरिंग, पुढचे बुश हे दोघींचे एकच. पण पाठीमागच्या बाजूच्या लांब काचा, मागच्या दाराची काच, त्या दाराचा पत्रा, ते उचलून धरणारे दांडे, छताचा मागचा तुकडा आणि सस्पेन्शनमधले नायट्रोजन भरलेले धातूचे गोळे, हे सगळे फक्त इस्टेटचे. त्या गोळ्याच्या पोटात रबरी पडदा असतो. एका बाजूला वायू, दुसऱ्या बाजूला तेल. वर्षे सरतात तसा वायू पडद्यातून झिरपून जातो, मग तेलाला दबायला जागा उरत नाही आणि गाडीचे बूड दगडासारखे कडक होते. प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या मणक्यात. गोळा बदलला की काम झाले. पण गोळा हवा. 1995 पासून मर्सिडीजने पुण्यात ई-क्लास जोडायला घेतली ती डब्ल्यू 124 या मालिकेची, आणि ती सलून. इस्टेट इथे बनलीच नाही. त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोरबाजारात त्या मालिकेचा पुढचा भाग शोधणाऱ्याला आशा आहे. मागची काच शोधणाऱ्याने हात हलवत परत यावे.

वसईकरांना याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर ते आपल्याच हमरस्त्याच्या वरच्या टोकाला आहे. मुंबई-अहमदाबाद रस्त्याने बडोद्यापर्यंत जाऊन पुढे वळले की हालोल लागते. तिथल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातून ओपेल कोर्सा निघत होती, आणि तिचीच इस्टेट होती कोर्सा स्विंग. बिल्ला जर्मन, इस्टेटचे अंग ब्राझीलमध्ये बेतलेले, जोडणी गुजरातची. 2006 साली ओपेल हे नाव भारतातून उतरले. 2017 साली जनरल मोटर्सने युरोपात ओपेल फ्रेंचांना विकली आणि इथली गाड्यांची विक्रीही थांबवली. आज ज्याच्या दारात स्विंग उभी आहे त्याने मागच्या दाराची तक्रार कोणाकडे न्यावी? रुसेल्सहाइमला, की साओ पावलोला? सलून कोर्साच्या सुट्या भागांवर तिचे इंजिन काही काळ चालेल, पण इथेही गोष्ट अडते ती मागच्या अर्ध्यावर.

मेलेल्या इस्टेट का मिळत नाहीत, याचे कारण त्या जिवंत असताना आपण घेतल्याच नाहीत. टाटांनी 1992 साली इस्टेट काढली, मर्सिडीजची चुलत बहीण शोभावी अशी; इंडिगोची मरिना 2004 ची; स्कोडाची कॉम्बी, मारुतीची आल्टुरा. एकही टिकली नाही. आपल्याकडे सामान हे डिकीत झाकून न्यायचे असते. मागे काचेतून पिशव्या दिसल्या की गाडीचा टेम्पो झाला, किंवा त्याहून वाईट म्हणजे शववाहिका. विचित्र असे, की इस्टेटचे सगळे गुण असलेली उंच एसयूव्ही मात्र आपण डोळे झाकून घेतो. खरे तर वसईजवळच्या गिरीजसारख्या गावाला इस्टेट शोभली असती. वाडीतला केळीचा घड, फुलांच्या करंड्या, लग्नाची भांडी हे सारे आत मावावे आणि गाडी मात्र दोन कुंपणांमधल्या गल्लीत घासू नये, ही गरज इथे खरीच आहे. पण गरज असणे आणि खप होणे यांचा आपल्या बाजारात फारसा संबंध नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: त्या काळच्या जर्मन गाड्या अशा बांधलेल्या होत्या की सुटा भाग लागतोच कशाला? हा भक्तिभाव मला मान्य नाही. नव्वदच्या दशकातल्या मर्सिडीजच्या इंजिनावरची वायरिंग पाहा. पर्यावरणाला मानवेल असे आवरण त्या तारांना दिले गेले, आणि इंजिनाच्या उष्णतेत ते इतके ठिसूळ झाले की तार वाकवली की जुन्या पापडासारखे तुकडे पडतात, आत उघडे तांबे. कंपनी तीच, काळ तोच, कीर्तीही तीच. शिवाय वसईची हवा कोणाचे देश-घराणे बघत नाही. गिरीजहून भुईगावचा समुद्र फार लांब नाही. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून मागच्या दाराची खालची कड आधी खातात, मग चाकांवरच्या कमानी. जुलै 2018 मध्ये वसईत पाणी साचून राहिले, तेव्हा इंजिनात पाणी ओढून घेतलेल्या गाड्यांमध्ये नवी-जुनी असा भेद नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. भाग इथे मिळत नाही तर मागवा. मर्सिडीजचे जुन्या गाड्यांसाठीचे केंद्र फेलबाखला 1993 पासून आहे, आणि जगभरचे विक्रेते फोनवर सापडतात. बरोबर. पण मागच्या दाराची काच म्हणजे खिशात घालून आणायचा बल्ब नव्हे. तिचे भाडे, सीमाशुल्क आणि वाटेत फुटण्याची भीती एकत्र केली की ती काच गाडीच्या किमतीशी बरोबरी करू लागते. ज्याला ते परवडते त्याला जुनी गाडी बाळगायची काटकसरीची सबब उरत नाही. तो हत्ती पोसतो आहे, दारात झुलावा म्हणून. त्यात वाईट काही नाही. फक्त त्याला बचत म्हणू नये.

आणि तरीही म्हण माझा पिच्छा सोडत नाही, कारण हत्तीच्या बाबतीत तिचा हिशेब आता मोडला आहे. 1986 साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार बंद झाला. मेलेल्या हत्तीचे वरचे पंचवीस हजार कायद्याने काढून घेतले. उरलेल्या लाखाचेही खरे नाही. म्हणजे मढ्याची किंमत त्या मढ्यात नव्हतीच, त्याचे तुकडे दुसऱ्याच्या कामी येऊ देणाऱ्या व्यवस्थेत होती. गाड्यांचेही तसेच होऊ घातले आहे. गाडीची 15 वर्षांची नोंदणी संपली की पुन्हा तपासणी, पुन्हा शुल्क. हे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून मोटारगाडीला 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाले. जुन्या गाड्यांनी मोडीच्या केंद्राकडे वळावे, असाच धोरणाचा रोख आहे, आणि जी गाडी तिथे लोखंडाच्या भावाने दाबली जाईल तिच्या काचा कुर्ल्याला पोचणार नाहीत. इथे माझ्याच म्हणण्याला उलट वळण लागते. मेलेल्या गाड्या वाढतील, पण त्यांच्यावर जगणाऱ्या गाड्या कमी होतील.

वसईत बसून परक्या देशाच्या वस्तूंचा विचार करताना घंटा आठवणे अपरिहार्य आहे. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इथल्या चर्चमधल्या पोर्तुगीज घंटा देवळांकडे गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक, वाईजवळच्या मेणवलीला एक. बनवणारा गेला, पूजा बदलली, भाषा बदलली, घंटा मात्र टांगलेल्याच. त्या का टिकल्या, याचे सोपे उत्तर असे, की घंटेला झिजायला लोलकाखेरीज काही नसते. तिला मागचा अर्धा भागच नाही. पण एवढ्यावर भागत नाही. ज्या घंटांना नवे काम मिळाले त्या टांगलेल्या राहिल्या. नुसता धातू म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहिले असते तर त्यांच्या तोफा ओतल्या गेल्या असत्या. मग ओएम 616 कडेही असेच पाहायला हवे. 240 टीडी ही गाडी जपणाऱ्याने तिचे इंजिन वाचवले नाही. वाचवले ते ट्रॅक्समध्ये माणसे कोंबणाऱ्याने, ज्याला जपण्याशी काही देणेघेणे नव्हते. जपणुकीची बाजू मांडायला बसलेल्या माणसाला हे अडचणीचे आहे. वस्तू टिकवायची तर ती मूळ रूपात सांभाळावी, की तिचे तुकडे भलत्याच कामाला जाऊ द्यावेत? सुरुवातीला मला पहिले उत्तर स्वाभाविक वाटत होते. आता खात्री नाही.

धुराचा आक्षेप राहिला, आणि त्याला माझ्याकडे चांगले उत्तर नाही. नवी गाडी घडवताना जे पोलाद वितळते, जी वीज जळते, ती जुनी गाडी चालवून वाचते, हा युक्तिवाद हिशेबात खरा आहे. पण या जुन्या डिझेलला काजळी अडवणारी गाळणी नाही आणि धूर नाकात जातो तो शेजाऱ्याच्या. कमी चालवणे हा मध्यममार्ग सुचतो. गंमत अशी, की कायद्याने तोच मार्ग आधीच आखून ठेवला आहे. वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. मात्र पन्नाशी ओलांडलेली गाडी विंटेज म्हणून आणायची मुभा 2025 साली मिळाली. ब्रेमेनला 1978 साली बनलेली इस्टेट 2028 मध्ये पन्नास वर्षांची होईल. ती जहाजातून येईल, 2021 च्या नियमांप्रमाणे तिला विंटेजची वेगळी नंबरप्लेट मिळेल, इंजिनाला आकुर्डीचे भाग चालतील आणि मागची काच तिच्याबरोबरच आलेली असेल. फक्त त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही.