२०३ व्या क्रमांकाचे बेट

३० जून २००२, रविवार. दुपारी साडेचारला योकोहामात ब्राझील आणि जर्मनी यांच्यातला विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू होणार होता. आमच्या वसतिगृहातल्या टीव्हीसमोर जागा धरण्यासाठी मुलांनी जेवणाआधीच सतरंज्या अंथरल्या होत्या. रोनाल्डोने दोन गोल केले, ब्राझील पाचव्यांदा विश्वविजेता झाला आणि आम्ही कोणत्याही नात्याविना रात्री उशिरापर्यंत ब्राझीलचा जयघोष केला.

दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात क्रीडापानाच्या अगदी तळाशी चार ओळींची एक बातमी होती. त्याच रविवारी भूतानच्या राजधानीत, थिंफूमध्ये, जागतिक क्रमवारीतल्या शेवटच्या दोन संघांचा सामना झाला होता. २०२ व्या क्रमांकाच्या भूतानने २०३ व्या क्रमांकाच्या मॉन्टसेराटला ४-० असे हरवले होते. ती बातमी मी मोठ्याने वाचून दाखवली आणि सगळे हसले. जगातला सर्वांत वाईट संघ कोणता, याचा निकाल लागला म्हणून मीही हसलो. मॉन्टसेराट नकाशावर कुठे आहे हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते.

आजचा हा धागा म्हणजे त्या हसण्याची उशिरा केलेली परतफेड आहे.

मॉन्टसेराट हे पूर्व कॅरिबियन समुद्रातले, अँटिग्वाच्या नैर्ऋत्येला असलेले बेट. क्षेत्रफळ अवघे १०२ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या पाव भागाहूनही कमी. १४९३ मध्ये कोलंबस त्याच्या जवळून गेला आणि स्पेनमधल्या एका मठाचे नाव त्याला देऊन पुढे निघून गेला. सतराव्या शतकात तिथे आयरिश कॅथलिक येऊन वसले. त्यांच्यामागून उसाची शेती आली आणि उसामागून आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. १७ मार्च हा आयरिश लोकांचा सेंट पॅट्रिकचा सण. मळेवाले त्या दिवशी मद्यधुंद असतील, असा हिशेब करून गुलामांनी १७६८ मध्ये त्याच दिवशी उठाव करायचे ठरवले होते. बेत फुटला आणि अनेकांना फाशी झाली. आज तिथे १७ मार्चला सुट्टी असते. आयरिश पूर्वजांची आठवण आणि त्यांच्याविरुद्ध उठू पाहणाऱ्यांची आठवण एकाच दिवशी साजरी होते. फुटबॉल संघाचा पोशाखही हिरवाच, आणि खेळाडूंना म्हणतात ‘एमरल्ड बॉइज’, म्हणजे पाचूची पोरे.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक शंका हमखास येते. इतक्या चिमुकल्या आणि आजही ब्रिटनच्या अखत्यारीत असलेल्या बेटाला ‘राष्ट्रीय’ संघ कसा? आपण वेस्ट इंडीज ओळखतो ते क्रिकेटमुळे, आणि क्रिकेटमध्ये ही सगळी बेटे एकाच टोपीखाली येतात. मॉन्टसेराटचा लायनेल बेकर २००८ मध्ये कसोटी खेळला तेव्हा धावफलकावर नाव वेस्ट इंडीजचे होते. फुटबॉलची रीत निराळी आहे. तिथे प्रत्येक बेटाचा स्वतंत्र संघ, स्वतंत्र ध्वज, आणि जागतिक संघटनेत ब्राझीलइतकेच एक मत. त्या मतांमागच्या राजकारणावर वेगळा धागा होईल. आपल्यापुरते इतकेच, की ज्या भूमीला संयुक्त राष्ट्रांत खुर्ची नाही, तिला आपले नाव जगाच्या यादीत पाहायचे असेल तर फुटबॉलखेरीज फारशी जागा उरत नाही.

१९९० च्या दशकाच्या आरंभी हा संघ आंतरराष्ट्रीय सामने खेळू लागला. सुरुवातीला विजय काही मिळाला नाही. १९९५ च्या पूर्वार्धात मात्र त्यांनी कॅरिबियन चषकाच्या पात्रता फेरीत शेजारच्या अँग्विलाला दोनदा हरवले. हे त्यांचे पहिले दोन विजय. त्यानंतरच्या विजयासाठी १७ वर्षे थांबावे लागेल, हे तेव्हा कुणाच्या मनातही आले नसेल.

१८ जुलै १९९५ रोजी बेटाच्या दक्षिण भागातला सूफ्रिएर हिल्स हा ज्वालामुखी जागा झाला. वसाहतीच्या सबंध इतिहासात त्याने कधी डोके वर काढले नव्हते. त्याच्या पायथ्याशी राजधानी प्लिमथ होती. बंदर, रुग्णालय, सरकारी कचेऱ्या, बाजार आणि स्टर्ज पार्क हे मुख्य मैदान, सगळे तिथेच. आधीच १९८९ च्या ‘ह्यूगो’ चक्रीवादळाने बेटावरची बहुतेक घरे मोडली होती. त्यातून सावरून लोकांनी नवी छपरे घातली होती, आणि आता त्या छपरांवर राख साचू लागली.

प्लिमथ रिकामे करण्यात आले, लोक परतले, पुन्हा रिकामे करण्यात आले. १९९६ च्या एप्रिलनंतर मात्र कुणी परतले नाही. त्याच वर्षी मॉन्टसेराटला जागतिक फुटबॉल संघटनेचे सदस्यत्व मिळाले. हा योगायोग मला फार विलक्षण वाटतो. मैदान गेले आणि सदस्यत्व आले!

२५ जून १९९७ रोजी डोंगरावरून तप्त राख, वायू आणि दगडांचा लोट खाली आला आणि १९ माणसे मेली. त्यांतले बरेचजण प्रतिबंधित क्षेत्रात आपली शेते सांभाळायला गेले होते. विमानतळ निकामी झाला. ऑगस्टपर्यंत प्लिमथच्या इमारती वरच्या मजल्यापर्यंत राखेत गाडल्या गेल्या होत्या. १०,००० हून अधिक वस्तीच्या बेटावरचे दोन तृतीयांश लोक अँटिग्वाला, इतर बेटांवर आणि मुख्यतः इंग्लंडला गेले. त्यांनी मदत मागितली तेव्हा हे लोक आता सोन्याचे हत्ती मागतील, अशा अर्थाचे उद्गार लंडनमधल्या संबंधित मंत्री क्लेअर शॉर्ट यांनी काढले. बेटावरच्या लोकांनी ते शब्द पुढे अनेक वर्षे विसरले नाहीत. हत्तींच्या देशात राहणाऱ्या मलाही ते वाचताना जिव्हारी लागले.

जिव्हारी लागण्याचे कारण घरचे आहे. माझ्या आजोबांचे गाव १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेले. भाऊबंद पांगले; कुणी रायगडात, कुणी ठाण्याकडे, कुणी सोलापूरच्या माळावर. गिरणीत नोकरीला असलेल्या आजोबांच्या पिढीने मुंबईत गावकीचे मंडळ चालवले आणि त्या मंडळाचा कबड्डीचा संघ होता. माझे वडील त्यात खेळले. बनियनवर नाव असे ते बुडालेल्या गावाचे, आणि ज्यांनी ते गाव पाहिलेच नव्हते अशी पोरे त्या नावासाठी गुडघे फोडून घेत. ते बहुधा हरत. मॉन्टसेराटचा इतिहास पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा मला प्रथम तीच बनियन आठवली.

आता थिंफूकडे वळू. २००२ च्या विश्वचषकासाठी नेदरलँड्सचा बलाढ्य संघ पात्र ठरला नाही. आपला संघ नसलेल्या विश्वचषकाच्या काळात करायचे काय, या हिरमुसलेपणातून योहान क्रेमर या डच जाहिरातकाराला एक कल्पना सुचली. योकोहामात पहिल्या क्रमांकासाठी सामना होईल, त्याच दिवशी शेवटच्या क्रमांकासाठीही एक सामना व्हावा. त्याने दोन्ही संघटनांना निमंत्रण धाडले आणि दोघांनीही ते स्वीकारले. पुढे त्यावर ‘द अदर फायनल’ हा माहितीपट निघाला.

कल्पना गमतीदार खरी, पण मॉन्टसेराटच्या खेळाडूंचा प्रवास मुळीच गमतीचा नव्हता. बेटावर तेव्हा विमानतळच नव्हता; नवा व्हायला २००५ उजाडले. आधी समुद्र ओलांडून अँटिग्वा, मग विमानांमागून विमाने बदलत युरोप, आशिया आणि शेवटी हिमालयात पारोची धावपट्टी. प्रवासाने आणि आजारपणाने काहीजण अर्धे झाले होते. उद्रेकापूर्वी त्यांच्या बेटावरचा सर्वांत उंच डोंगर ९१५ मीटरचा होता. थिंफू २,३०० मीटरच्या आसपास आहे. समुद्रकाठच्या फुप्फुसांनी तिथे ९० मिनिटे धावायचे होते.

समोरचा भूतानही काही मुरलेला संघ नव्हता. त्या देशात टीव्ही आला १९९९ मध्ये, फुटबॉल संघटनेचे सदस्यत्व मिळाले २०००मध्ये आणि त्याच वर्षी कुवेतने त्यांच्यावर २० गोल चढवले होते. चांगलिमिथांग मैदानावर त्या दिवशी जमलेले प्रेक्षक मॉन्टसेराटच्या तेव्हाच्या लोकसंख्येहून कितीतरी अधिक होते. इंग्लंडचे स्टीव्ह बेनेट पंच होते. भूतानचा कर्णधार वांगे दोर्जी याने सुरुवातीलाच डोक्याने चेंडू जाळ्यात घातला आणि पुढे आपले तीन गोल पुरे केले. सामना संपल्यावर विजेता-पराभूत असा भेद न करता चषकाचे दोन भाग करून दोन्ही संघांना एकेक देण्यात आला.

आम्ही ज्याला ‘जगातला सर्वांत वाईट संघ’ म्हणून हसलो, त्याचे हे वास्तव होते. क्रमवारी काही खोटे सांगत नव्हती. ती निकाल मोजते आणि निकाल तसेच होते. पण ज्या संघाकडे मैदान नाही, विमानतळ नाही आणि खेळायच्या वयाची निम्म्याहून अधिक मुले दुसऱ्या देशात गेली आहेत, त्याचे निकाल मोजताना मोजला जातो तो ज्वालामुखीच. मुक्काम हलवलेल्या माणसाला ‘तुझे घर का दिसत नाही’ असे विचारण्यासारखेच ते आहे.

सामन्याच्या महिनाभर आधी, २१ मे २००२ रोजी, मॉन्टसेराटवासीयांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व मिळाले होते. थिंफूच्या धावपळीत या तारखेकडे कुणाचे लक्ष गेले नाही. पण संघाच्या पुढच्या इतिहासाची किल्ली तीच आहे, असे माझे मत झाले आहे. बेट आता दोन ठिकाणी होते: कॅरिबियनमध्ये उत्तरेकडचा सुरक्षित तुकडा आणि इंग्लंडमधल्या वस्त्या.

सुरुवात भीषणच झाली. २००४ मध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत बर्म्युडाने १३-० असा धुव्वा उडवला. आजवरचा त्यांचा सर्वांत मोठा पराभव तोच. टॉटनहॅम आणि न्यूकॅसलकडून खेळलेला, इंग्लंडमध्ये जन्मलेला रुएल फॉक्स त्याच सुमारास संघात आला आणि त्याने प्रशिक्षकपदही सांभाळले. कारकीर्द मावळताना आलेला एक माणूस किती पुरणार? २०११ मध्ये बेलीझविरुद्धचा ‘घरचा’ सामनाही त्रिनिदादमध्ये खेळावा लागला आणि तो २-५ असा गमावला.

मग २०१२ च्या सप्टेंबरात मार्टिनिक बेटावर ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सवर ७-० असा विजय. अँग्विलानंतरचा पहिला. २०१५ मध्ये क्युरासाओशी गाठ पडली. त्यांच्या प्रशिक्षकपदी नेदरलँड्सचा नामांकित आघाडीवीर पॅट्रिक क्लायव्हर्ट होता. परदेशात १-२ अशी हार आणि घरी २-२ अशी बरोबरी, एका गोलाने मॉन्टसेराट बाहेर. ज्या क्युरासाओला या संघाने इतके दमवले, तोच क्युरासाओ २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला. लोकसंख्येने इतका लहान देश त्या स्पर्धेत याआधी कधी पोहोचला नव्हता.

इंग्लंडमध्ये वाढलेल्या खेळाडूंवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: हे मॉन्टसेराटचे कसले? ग्रिनिचमध्ये जन्मलेला, इंग्लिश क्लबांतून खेळणारा लाइल टेलर या संघाचा प्रमुख गोलवीर ठरला, तेव्हाही असे म्हणणारे होतेच. आक्षेप अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. बेटावर राहून, राखेच्या दिवसांत सराव करून वाढलेल्या मुलाची जागा लंडनहून आलेला खेळाडू घेतो, तेव्हा त्या मुलाला काय वाटत असेल, याचा हिशेब कुठल्याच गुणतक्त्यात नसतो. पण दुसरी बाजूही आहे. बेट सोडून सगळे स्वखुशीने गेले नव्हते. पिढ्यांपूर्वी कुणी रोजगारासाठी गेले, नंतर कुणाला डोंगराने घालवले. त्यांच्या मुलानातवंडांना बेटाचे काही देणे द्यायचे असेल, तर हिरवा सदरा घालून ९० मिनिटे धावण्याहून सरळ मार्ग कोणता?

२०१८ मध्ये मँचेस्टर सिटीचे जुने खेळाडू, स्कॉटलंडचे विली डोनाकी प्रशिक्षक झाले. नेशन्स लीगच्या पात्रता फेरीत पहिला सामना एल साल्वाडोरकडून १-२ असा हरल्यावर या संघाने बेलीझला १-०, अरुबाला २-० आणि केमन आयलंड्सला २-१ असे हरवले. चारांपैकी तीन विजय, नऊ गुण. उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या मुख्य स्पर्धेचे, गोल्ड कपचे, दार समोर दिसत होते. ते केवळ गोलफरकाने हुकले. २०२१ मध्ये विश्वचषकाच्या पात्रता गटात चारही सामन्यांत ते अपराजित राहिले, दोन विजय आणि दोन बरोबरी. तरी गटातला एकच संघ पुढे जाणार होता, आणि तो होता पुन्हा एल साल्वाडोर.

कागदोपत्री मॉन्टसेराटची राजधानी आजही प्लिमथच आहे. तिथे कुणी राहत नाही. स्टर्ज पार्कही त्याच प्रतिबंधित भागात राहिले. नवे मैदान, ब्लेक्स इस्टेट, उत्तर टोकाला लूकआउट या वस्तीत आहे. दक्षिणेतून उठून आलेल्या कुटुंबांसाठी घरे बांधली गेली ती हीच वस्ती. मैदानात साधारण १,००० माणसे मावतात आणि बेटावर आता ५,००० सुद्धा राहत नाहीत. म्हणजे ते भरते तेव्हा दर पाच माणसांतले एकजण तिथे बसलेले असते. बाकीचे बरेचसे इंग्लंडमध्ये, वेगळ्या घड्याळावर, सामना सुरू होण्याची वाट पाहत असतात.