पाण्यात राहून

पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,४८० मीटर जातो. हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. काठावरच्या आरडाओरड्याचा बहुतेक भाग पाण्याला लागून वरच परत फिरतो. बोटीचा पंखा मात्र पाण्याखालीच फिरतो आणि त्याची घरघर थेट माशाच्या घरात शिरते. माशाचे कान बाहेरून दिसत नाहीत, डोक्यात असतात. रोहू, खडस, शिंगाळा यांच्या कुळांत तर पोटातली हवेची पिशवी आणि कान यांना जोडणारी इवल्या हाडांची साखळीच असते. शरीररचनाशास्त्रज्ञ वेबरने तिचे वर्णन १८२० मध्ये केले. तरी मासा ऐकतो का, हा वाद पुढेही बराच काळ चालला. १९२३ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिशने शिंगाळ्याच्या गोत्रातला एक आंधळा मासा शिटी वाजली की आडोशातून बाहेर येतो, हे दाखवले.

‘पाण्यात राहून माशाशी वैर’ ही म्हण इथे आठवते आणि अडवते. हिंदीत त्या जागी मगर आहे. मगरीशी वैर का धरू नये, हे कुणाला सांगावे लागत नाही. मासा बापडा काय करणार? कदाचित मराठी म्हणीला त्याच्या दातांची नव्हे, घरधनीपणाची भीती वाटत असेल: ज्याच्या अंगणात रोज वावरायचे, त्याच्याशी बिघडवू नये. पण मग म्हणीतला ‘राहणारा’ कोण? बोट पाण्यात राहत नाही, येते-जाते. आणि इंजिनाला वैर कुठे माहीत असते?

प्रयोगांतूनही वैराचा माग लागत नाही. २०११ च्या एका प्रयोगात गोंगाटातल्या स्टिकलबॅक माशांनी तेवढेच खाल्ले, पण जास्त वेळा तोंड मारून. अन्न नसलेल्या कणांवरही ते झडप घालू लागले. त्याआधी, २००६ मध्ये, ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी कार्पसह तीन जातींच्या माशांना जहाजांचा आवाज ऐकवला. तिन्हींत कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढले. जवळपास तितक्याच मोठ्या, पण एकसुरी खरखरीने मात्र ते वाढले नाही. म्हणजे जाचतो तो मोठेपणा नव्हे, चढउतार? पिठाच्या गिरणीशेजारी झोपणाऱ्यांना हे पटेल. पण २०१४ मध्ये तोच स्टिकलबॅक गोंगाटात भक्षकाच्या आकृतीला अधिक लवकर सावध होताना आढळला. मिनो या दुसऱ्या जातीत तसा फरक पडला नाही. सावधपणा हा त्रास म्हणावा की फायदा?

महाडजवळच्या वाळण कोंडीच्या डोहात देवीच्या धाकाने खडस कुणी पकडत नाही. भाविकांनी खाऊ टाकला की ते मोठाले मासे वर येतात. तिथे गळ पडत नाही, म्हणून वैर नाही असे म्हणावे, तर सहलीच्या बोटीतही गळ नसतो. आणि खाऊ पाण्यावर पडतो, तेव्हा खडस वर येतो तो सावली पाहून की ‘टप्प’ ऐकून?