सोन्याच्या पोटातले पाच सांधे

नॉर्वेत संसार थाटल्यावर मध्यरात्रीचा सूर्य पाहिला, फ्योर्ड पाहिले. पण थक्क झाले ती पुण्यात, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. १९५० साली सुरू झालेली ही संस्था. २००४ साली मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथं गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी, अतिसूक्ष्म स्फटिक केले. आपण चहात टाकतो तीच पात! असं काही दिसतं तरी कसं, हे पाहायला मी टीईएमच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन आरपार पाठवून चित्र दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या, अंधाऱ्या, थंड खोलीत गेले.

३ मिलिमीटरच्या तांब्याच्या ग्रिडवर सोन्याचे कण होते. २०० किलोव्होल्टनं पळवलेले इलेक्ट्रॉन त्यांतून आरपार जात होते. पडद्यावर एक वाटोळा कण, नुसता करडा. "जरा टिल्ट करू," यंत्र चालवणाऱ्या ताई म्हणाल्या. कण किंचित कलला, आणि त्याच्या पोटात पाच पाकळ्या उमटल्या. एक काळी, शेजारची फिकी. एका कणात पाच स्फटिक, एकमेकांना सांधलेले!

कलल्यावर काही पाकळ्यांतले अणूंचे थर इलेक्ट्रॉनांना जोरात वळवतात. वाटेत बारीक भोकाची चकती, म्हणजे अपर्चर, असते. वळलेले इलेक्ट्रॉन तिथं अडतात आणि ती पाकळी काळी पडते. सांधा दिसावा म्हणून इलेक्ट्रॉन अडवायचे, हे मला फार विलक्षण वाटलं.

मग अणूंच्या रांगा पाहायच्या म्हणून ताईंनी अपर्चर काढलं, कारण आता वळलेले इलेक्ट्रॉनही हवे होते. इतक्या पातळ कणाचा फोकस अगदी नेमका साधला, तर चित्र फिकं पडतं. तो किंचित ढळवला की लेन्सचा दोष आणि ढळलेला फोकस मिळून रांगा उठावदार होतात. किती ढळवायचा, याचं गणित ऑटो शेर्त्सर यांनी १९४९ सालीच मांडलं. रांगांमधलं अंतर ०.२३५ नॅनोमीटर!

प्रत्येक पाकळीचा कोन सुमारे ७०.५ अंशांचा. पाच मिळून ३६० भरत नाहीत. सात अंशांहून थोडी जास्त फट उरायला हवी. ती दिसत नाही, कारण सोनं स्वतः ताणलं जाऊन ती भरून काढतं.

विज्ञान दिनाच्या सुमारास पुण्यातल्या अनेक संशोधन संस्था सर्वांना खुल्या असतात. मुलांना घेऊन जरूर जा.