कोठीची किल्ली

आमच्या घरीं कोठीच्या खोलीची किल्ली आजीच्या कमरेला असे. तिला विचारल्यावांचून लाडवांच्या डब्यास हात लावण्याची कोणाचीहि प्राज्ञा नव्हती. पुढें एका बँकेच्या संगणक-विभागांत नोकरीस लागल्यावर हीच व्यवस्था यंत्राच्या पोटांत पाहून आम्हांस मोठी मौज वाटली.

आयबीएम कंपनीनें १९६४ सालीं 'सिस्टिम/३६०' जाहीर केलें, तेव्हांपासून तिच्या थोरल्या मेनफ्रेम यंत्रांत ही पद्धत चालत आली आहे. स्मृतीच्या प्रत्येक तुकड्यास किल्लीचा एक अंक असतो. प्रारंभीं हा तुकडा २,०४८ बाइटांचा असे, आतां ४,०९६ बाइटांचा असतो. चालू प्रोग्रामजवळहि तसाच अंक असतो. दोन्ही जुळले तर लिहितां येतें. न जुळल्यास यंत्र काम तेथेंच थांबवून '०सी४' असा शेरा मारतें. शून्य क्रमांकाची किल्ली मात्र सर्वच कुलपांस लागते. ती कारभारी प्रोग्रामांची.

एका महिनाअखेरीच्या रात्रीं आमचा असेंब्लरमधील व्याजाचा प्रोग्राम याच शेऱ्यानें कोसळला. सकाळीं शाखा उघडण्यापूर्वीं हिशेब हवे होते. एक सहकारी म्हणाले, "अहो, शून्य किल्ली देऊन टाका; पुढचें उद्यां पाहूं." मोह झाला, हें कबूल केलें पाहिजे. पण आजी आठवली, आणि यंत्रानें दिलेला स्मृतीचा उतारा, म्हणजे डंप, घेऊन आम्ही बसलों.

अशा वेळीं उताऱ्यांतील पत्ता चुकलेल्या आज्ञेच्या पुढच्या आज्ञेचा असतो. म्हणून त्यांतून आज्ञेची लांबी वजा करून आम्ही मागें गेलों. आज्ञा निर्दोष होती. तिच्या रजिस्टरांतील पत्ता मात्र भलताच होता. आणखी मागें जातां कारण सांपडलें. तक्ता २०० शाखांचा, आणि शाखा झाल्या होत्या २०२! शेवटच्या शाखेची नोंद तक्त्याबाहेर जाऊन एका जपून ठेवलेल्या पत्त्यावर पडली होती. तो बिघडलेला पत्ता रजिस्टरांत येतांच पुढचें लिखाण परक्या कोठींत शिरूं पाहत होतें.

इतक्यांत मनांत चर्र झालें. दोनशेएकावी शाखा तर मागच्याच महिन्यांत उघडली होती! तिची नोंद आमच्याच एका बेरजेवर पडली होती. परंतु ती जागा आमच्याच किल्लीची असल्यामुळें यंत्रानें ब्रहि काढला नव्हता. मागच्या महिन्याचा ताळेबंद चुकीचा गेला होता, आणि तें कोणासहि ठाऊक नव्हतें.

तक्ता वाढविण्यास दहा मिनिटें पुरलीं. मागची चूक साहेबांस सांगण्याचा धीर गोळा करतांना मात्र पहाट झाली.

कुलूप परक्यापासून कोठी राखतें. घरच्याच माणसाच्या हातून आंत सांडलेलें त्यास दिसत नाहीं. आजी रोज संध्याकाळीं कुलूप लावण्याआधीं दिवा घेऊन कोठींत एक फेरी कां मारीत असे, तें आम्हांस त्या पहाटे उमगलें.