बोरघाट आणि राजदूतचे जुळे कार्बोरेटर

आजच्या धाग्यात राजा नाही, किल्लाही नाही. मुठीत मावेल एवढा एक कार्बोरेटर आहे, किंबहुना दोन. राजदूत ३५० या मोटारसायकलला ते जोडीने बसत. ते बदलावेत की जपावेत, यावरून आमच्या खालापूर तालुक्यात आजही हमरीतुमरी होते.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. यामाहाच्या आरडी ३५० या गाडीची भारतीय आवृत्ती एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये आणली. ३४७ सीसीचे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर आणि सुमारे ३० अश्वशक्ती. तिची पेट्रोलची तहान एवढी, की कंपनीला कमी शक्तीची ‘लो टॉर्क’ आवृत्तीही काढावी लागली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि देश मायलेजच्या भाषेत बोलू लागला. पुढे काही वर्षांतच राजदूत ३५० बंद पडली.

अशी एक गाडी खोपोलीला माझ्या मामांकडे आहे. चाळीस वर्षे वरखाली होऊन तिच्या कार्बोरेटरांमधील स्लाइड झिजल्या. त्या फटीतून नको तेव्हा हवा शिरे आणि गाडी मंद गतीवर स्थिर राहीना. मामांच्या मित्रांचे मत एकच: मूळ भाग काढला की गाडीचा इतिहास गेला.

मला ते पटले नाही. कारण कार्बोरेटर काही शोभेची वस्तू नव्हे. अरुंद नळीतून हवा वेगाने जाते, तिथला दाब घटतो आणि जेटच्या छिद्रातून पेट्रोल वर ओढले जाते. एवढेच त्याचे काम. हवा विरळ आहे की दाट, हे त्याला कळत नाही. खोपोली समुद्रसपाटीच्या जवळ, तर लोणावळा सुमारे ६२० मीटरवर. तेवढ्या चढात हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ होते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण किंचित वाढते. आगगाडीला हा घाट चढवायला कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. मोटारसायकलला कोण ढकलणार? द्रुतगती मार्ग दुचाकींना बंद आहे, म्हणून १८३० मध्ये खुल्या झालेल्या घाटरस्त्याचा वारसा सांगणारा जुना महामार्गच तिच्या वाट्याला येतो.

खरा धोका मात्र मिश्रण पातळ होण्यात आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी पडले की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये जाम होतो. इथे आजचे पेट्रोल आडवे येते. त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन घेऊनच येते. म्हणजे १९८३ मध्ये अचूक असलेले जेटचे छिद्र आज अपुरे पडते. शिवाय जुनी रबरी वायसरे फुगतात, ती वेगळीच. मूळ कार्बोरेटर, मूळ जेट, आणि तरीही मूळ मिश्रण नाही! ‘अस्सलपणा’ मग नेमका कुठे शोधायचा?

तेव्हा कार्बोरेटर बदलायचे ठरले. पण हाती लागतील ते नव्हेत. या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरची एक केबल पुढे तीन फाट्यांत विभागते: दोन कार्बोरेटरांकडे, तिसरी ऑइल पंपाकडे. स्लाइडची चाल वेगळी असलेले कार्बोरेटर बसवले, तर इंजिन पेट्रोल मागते तेव्हा पंप तेल मागे ठेवू शकतो. यावर अनेकांचा तोडगा म्हणजे पंपच काढून टाकणे आणि टाकीत तेल मिसळणे. तो चालतो, हे मान्य. पण यामाहाची ‘ऑटोल्यूब’ रचना हाच या गाडीच्या इतिहासातला मोलाचा भाग, तो फेकून कार्बोरेटर पूजण्यात काय अर्थ?

शेवटी त्याच घडणीची नवी जोडी बसवली. मुख्य जेट थोडे मोठे घेतले. नीडलची क्लिप एक खाच खाली सरकवली, म्हणजे नीडल वर उचलली गेली. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उठतील अशी केबल जुळवली, मग पंपाची खूणही. घाट चढून शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबलो. ब्रिटिशांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, अशी त्याची आख्यायिका. येणारेजाणारे तिथे नाणे टाकतात. मामांनीही टाकले आणि प्लग काढला. आधी पांढुरका पडणारा प्लग आता कॉफीच्या रंगाचा होता. दुसऱ्या सिलिंडरचाही तसाच.

जुनी जोडी धुऊन, तेल लावून डब्यात ठेवली आहे. तिला चिठ्ठी बांधली आहे: जेटचे क्रमांक, नीडलची खाच, काढल्याची तारीख. कुणाच्या घरी या गाडीची जुनी सर्व्हिस पुस्तिका असेल, तर जेटच्या तक्त्याचे पान खाली जरूर जोडावे.