निळ्या शाईतला लाल

एफ.वाय.चा पहिला तास होता आणि त्याच सकाळी गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं. आम्हा नाशिककरांना पुराचा अंदाज क्युसेकच्या आकड्यापेक्षा दुतोंड्या मारुतीवरून लवकर येतो. रामकुंडाजवळच्या त्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असं आम्ही मोजतो. त्या दिवशी कमरेला होतं. पेठ-सुरगाण्याकडच्या एसट्या उशिरा येणार हे कळत होतं, म्हणून मी पंधरा मिनिटं नुसती दारात उभी राहिले. पोरं येत गेली. ओल्या छत्र्या दाराशी, चिखलाचे बूट बाकाखाली. खिडकीच्या बाजूला शहरातली, बहुतेक इंग्रजी माध्यमातली मुलं बसली. मागच्या बाकांवर पेठ, सुरगाणा, दिंडोरी. तसं बसायला कोणी सांगत नाही, तरी दरवर्षी वर्ग असाच बसतो.

मी मानसशास्त्र शिकवते, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. सुरुवातीची काही वर्षं माझा पहिला तास ठरलेला असे. फळ्यावर विषयाची व्याख्या लिहायची, मग १८७९ साल, लाइपझिग शहर, विल्हेल्म वुंट यांची पहिली प्रयोगशाळा. तिथून आपल्याकडे यायचं, १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात सुरू झालेला विभाग सांगायचा. सगळं बरोबर होतं. मी तयारी करून जात असे आणि अर्धा तास इंग्रजीत बोलत असे, कारण मी स्वतः तसंच शिकले होते.

एका वर्षी एक मुलगी महिनाभरातच विषय बदलायचा अर्ज घेऊन आली. मी कारण विचारलं. ती म्हणाली, ‘‘मॅडम, विषय आवडला होता. पण पहिल्या दिवशी तुम्ही जे बोललात त्यातलं मला फक्त साल कळलं.’’ मी सही केली. तिला थांबवायला हवं होतं, मराठीतून पुन्हा सांगते असं म्हणायला हवं होतं. मी ते म्हटलं नाही. तिचा चेहरा मला अजून आठवतो, आणि पुढच्या जूनमध्ये मी पहिल्या तासाची वही फाडून टाकली.

तेव्हापासून मी पहिल्या दिवशी तक्ते घेऊन जाते. जॉन रिडली स्ट्रूप नावाच्या अमेरिकन माणसाने १९३५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. रंगांची नावं लिहायची, पण वेगळ्याच रंगाच्या शाईत. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत, ‘हिरवा’ हा लाल शाईत. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. करून बघितल्याशिवाय यातली अडचण कळत नाही. जीभ ‘लाल’ म्हणायला धावते आणि तिला मागे ओढावं लागतं. स्ट्रूपच्या प्रयोगात शंभर साध्या चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले होते आणि भलत्या शाईतल्या शंभर शब्दांचे रंग सांगायला ११०.३. वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की नको म्हटलं तरी डोळा वाचतोच.

माझे तक्ते मी घरी स्केचपेनने काढते. पहिल्या वेळी पिवळा घेतला, तो मागच्या बाकांवरून दिसेना. मग ‘तपकिरी’ घेतला तर अर्धा वर्ग ‘चॉकलेटी’ म्हणायला लागला आणि वेळ कुणाचा मोजायचा हेच कळेना. आता लाल, निळा, हिरवा, काळा एवढेच चार. तीन तक्ते असतात. एकावर नुसते रंगीत चौकोन, दुसऱ्यावर मराठी शब्द, तिसऱ्यावर इंग्रजी. चौकोनांना लागलेला वेळ शब्दांच्या वेळेतून वजा करायचा. उरतो तो शब्दाने केलेला अडथळा.

वर्गातले दोन काठ या वजाबाकीत एकमेकांजवळ येतात, हे मला तक्ते करताना माहीत नव्हतं. मराठी माध्यमातला मुलगा मराठी तक्त्यावर अडखळतो, कारण मराठी शब्द त्याच्या डोळ्यात आपोआप शिरतो. इंग्रजी तक्त्यावर त्याला रंगांची इंग्रजी नावं आठवायला वेळ लागतो, पण तो चौकोनांचे रंग इंग्रजीत सांगतानाही लागलेला असतो. शब्दामुळे पडलेली भर कमी निघते. शहरातल्या इंग्रजी शाळेतली मुलगी नेमकी उलट. देवनागरी ती सावकाश वाचते, म्हणून देवनागरी तिला फारशी आडवी येत नाही. दोन भाषा येणाऱ्या लोकांवर असे प्रयोग पुष्कळ झाले आहेत आणि जी भाषा जास्त मुरलेली, तिचा अडथळा साधारणपणे मोठा निघतो.

दरवेळी वर्गात हे इतकं स्वच्छ निघत नाही. एका वर्षी आकडे पार उलटे आले होते. तेव्हा मी मुलांना आकडे तसेच फळ्यावर ठेवून विचारलं, काय झालं असेल? कोणी म्हणालं स्टॉपवॉच उशिरा दाबलं, कोणी म्हणालं बाहेर मिरवणुकीचा ढोल वाजत होता, कोणी म्हणालं दुसऱ्या तक्त्यापर्यंत सवय झाली असेल. तिन्ही कारणं बरोबर असू शकत होती. माझ्या मते तो माझा सर्वांत चांगला पहिला तास होता.

आणि सर्वांत वाईट त्याच्या दोन वर्षं आधीचा. मी पहिल्या बाकावरच्या मुलाला पुढे बोलावलं. त्याने चौकोनांच्या तक्त्यावरच लाल-हिरव्यात गल्लत सुरू केली. वर्ग हसला. मला वाटलं घाबरला, म्हणून मी ‘‘सावकाश, पुन्हा बघ’’ म्हणत राहिले. तो पुन्हा चुकला, पुन्हा हसले. तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं की त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नाहीत. मुलग्यांमध्ये हे मुलींपेक्षा बरंच जास्त आढळतं, मी स्वतः ते दरवर्षी संवेदनाच्या प्रकरणात शिकवते, आणि साठ मुलांसमोर मी त्याला उभा करून तीनदा विचारलं होतं. तास संपल्यावर मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, ‘‘घरी माहीत आहे मॅडम. इथे नव्हतं सांगायचं.’’

त्यानंतर तक्ता उघडण्याआधी मी एक गोष्ट सांगते आणि ती तीन वर्षं सोडत नाही. कुठल्याही प्रयोगाला, कुठल्याही चाचणीला मनाविरुद्ध बसायचं नाही. कारण सांगायची गरज नाही. आणि मित्राची चाचणी तुम्ही घेतलीत तर तिचा निकाल कॅन्टीनमध्ये जाणार नाही. पहिल्या दिवशी हे ऐकताना पोरं एकदम गप्प होतात. मानसशास्त्र म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं ओळखायची विद्या, अशा समजुतीने काही जण आलेले असतात. कोणीतरी विचारतंच, ‘‘मॅडम, आत्ता माझ्या मनात काय आहे ते सांगा ना.’’ मी सांगते की मला येत नाही, तू सांगितलंस तर ऐकते.

आईवडिलांचे प्रश्न वेगळे. प्रवेशाच्या दिवशी निफाडकडचे एक शेतकरी मुलीला घेऊन आले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘‘वेड्याच्या दवाखान्यातच नोकरी लागंल का हिला?’’ मी म्हटलं, ‘‘दादा, शाळेत लागेल, कारखान्यात माणसं निवडायच्या विभागात लागेल, दवाखान्यातही लागेल. पण नुसत्या बी.ए.वर कोणाच्या मनावर उपचार करता येत नाहीत. त्यासाठी पुढे शिकावं लागतं, चिकित्सेचं काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.’’ त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘शिकू द्या. द्राक्षाच्या छाटणीला तेवढी दोन दिवस सुट्टी द्या.’’ ऑक्टोबरात छाटणी आली की माझा वर्ग रिकामा होतो. त्या मुलांच्या गैरहजेरीवर मी रागावत नाही.

पहिल्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात मी १४४१६ हा आकडा लिहिते. टेलि-मानस या २०२२ साली मानसिक आरोग्यासाठी सुरू झालेल्या सरकारी मदतवाहिनीचा तो नंबर, फोनला पैसे पडत नाहीत. हा आकडा मी पुसत नाही, दुसरे शिक्षक वर्गावर आले तरी तो तसाच ठेवा असं त्यांना सांगून ठेवलं आहे. एवढंच, त्यावर मी भाषण करत नाही. आकडा वहीत कोणी उतरवून घेतला हे मी बघत नाही, मुद्दाम बघत नाही.

तर त्या पुराच्या दिवशी. सगळे आल्यावर तक्ते टांगले. शहरातली एक मुलगी आणि सुरगाण्याकडचा एक मुलगा आपणहून पुढे आले. मराठी तक्त्यावर तो तीनदा अडखळला आणि ती सरळ गेली. इंग्रजीवर ती ‘ब्ल्यू’ म्हणता म्हणता ‘रेड’ म्हणून गेली आणि तिने कपाळाला हात लावला. वजाबाकी त्या दोघांनीच फळ्यावर केली. मग मी बिने चाचणीची गोष्ट सांगितली. १९०५ साली पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी मुलांची बुद्धी मोजायची चाचणी केली, आणि डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्ये ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बसवली, कारण पॅरिसच्या मुलाला सोपा वाटणारा प्रश्न धारवाडच्या मुलाला परका असू शकतो. चूक प्रश्नात असते की मुलात, हे आधी तपासायचं. मागच्या बाकावरून कोणीतरी ‘‘हां’’ म्हटलं. बरंच मोठ्याने.

तास संपला. सुरगाण्याचा तो मुलगा तक्ते काढायला मदत करत होता. गुंडाळता गुंडाळता म्हणाला, ‘‘मॅडम, ज्याला वाचताच येत नाही, त्याचं काय होईल?’’

‘‘तुला काय वाटतं?’’

‘‘अडणार नाही. दोन्ही तक्त्यांना सारखाच वेळ लागेल.’’ थोडं थांबून म्हणाला, ‘‘माझ्या आजीला वाचता येत नाही. तिच्यावर करून बघू?’’

मी त्याला चौकोनांचा आणि मराठीचा तक्ता दिला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला, बाहेर पाऊस होता. म्हटलं, ‘‘आजीला आधी विचार. नाही म्हणाली तर तसाच परत आण.’’

सोमवारी तो तक्ते घेऊन आला. मागच्या बाजूला पेन्सिलने दोन्ही वेळा लिहिल्या होत्या, त्याच्या मोबाइलवर मोजलेल्या. दोन्हींत जेमतेम एका सेकंदाचा फरक. मी त्याला म्हटलं, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. तो म्हणाला, माहीत आहे, गावात अजून चार म्हाताऱ्या तयार झाल्या आहेत.

‘‘आजी काही म्हणाली का?’’

‘‘म्हणाली, रंगच विचारायचे होते तर मधे ही अक्षरं कशाला काढली.’’

जर्नलमध्ये ‘निरीक्षण’ असा रकाना असतो. मी त्याला ते वाक्य आजीच्या शब्दांत तिथे लिहायला सांगितलं.