बांधावरच्या गारा

दख्खनात स्फटिक शोधायला हातोडा फारसा लागत नाही. नांगराला अडणारे दगड वेचून बांधावर फेकायचं काम शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेलं असतं, वरची माती पाऊस धुऊन काढतो. हौशी माणसाने ऊन कललं की सूर्याकडे तोंड करून बांधाच्या कडेने चालायचं. स्फटिकाचा पैलू एका ठरावीक जागेवरूनच लखकन चमकतो. पाऊल पुढे पडलं, की गायब! मग दोन पावलं मागे.

पावसाने उघडीप दिली, की सिन्नरच्या बाजूला माझी ही पायपीट सुरू होते. आधी मालकाला विचारायचं, हा नियम.

“बाबा, बांधावरच्या गारा बघू का?”

शेळ्यांना पाला टाकणाऱ्या म्हाताऱ्याने मान वर केली. “बघा की. समदा बांधच न्या उचलून, माझी कटकट मिटंल.”

या गारा लाव्ह्याच्या पोटातल्या. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. तो थिजताना आतल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत सिलिका विरघळलेलं पाणी झिरपलं आणि भिंतींवरून आतल्या बाजूला स्फटिक वाढले. काळाच्या ओघात बेसॉल्टची काळी माती झाली, कॅल्साइट विरघळलं, नाजूक झिओलाइटांचा भुगा झाला. क्वार्ट्झ मात्र पाण्याला दाद देत नाही, म्हणून तेवढं शेतात उरतं.

अर्थात, त्यातलं बहुतेक दुधी, नाहीतर तांबूस डागांचं. पाण्यासारखा स्वच्छ स्फटिक हवा, तर पोकळी शाबूत राहिलेला गोटा सापडायला हवा. आकाराच्या मानाने हलका लागला, की माझ्या आशा उंचावतात. तरीही आत निघणारी टोकं बऱ्याचदा नखाएवढीच असतात.

चकाकतं ते सगळं क्वार्ट्झ नसतं. कॅल्साइटवर चाकूचा ओरखडा उठतो. अपोफिलाइट जास्त फसवं, कारण तेही तितकंच नितळ असतं. पण त्याच्या उभ्या बाजूंवर रेघा उभ्या असतात, क्वार्ट्झच्या आडव्या. क्वार्ट्झ काचेवर ओरखडा काढतं, पण काचेवर घासून बघण्यापेक्षा भिंगातून रेघा बघितलेल्या बऱ्या, टोक तुटत नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हर्किमर परगण्यात हौशी लोक पैसे भरून खाणीत शिरतात आणि घण घालून डोलोमाइटी खडक फोडतात. तिथले स्फटिक दोन्ही बाजूंनी टोकदार म्हणून नावाजलेले. आपल्याकडचे पोकळीच्या भिंतीला चिकटून वाढलेले, त्यामुळे टोक सहसा एकाच बाजूला. हेवा वाटतो, नाही म्हणत नाही.

मला त्या बांधावर करंगळीच्या पेराएवढा एक नितळ तुकडा मिळाला. म्हाताऱ्याने तो उन्हात धरून बघितला आणि परत केला. मग वाकून ढिगातला एक ओबडधोबड, अपारदर्शक गोटा उचलला. “ही खरी कामाची. आमचा बाप असल्याच गारंवर चकमक मारून चिलीम पेटवायचा. कापूस धरायचा खाली.”

गार पोलादाहून कठीण. तिच्या धारेने पोलादाचा बारीक कीस निघतो आणि तोच पेटून ठिणगी पडते. घरात जुनी चकमक अजून आहे का, असं मी विचारलं. “पोरांनी भंगारात घातली,” तो म्हणाला आणि गोटा पुन्हा बांधावर भिरकावला.